खट् नाही, टक्

कुरोसू आजोबा गाडी घेऊन आले
तेव्हा गाडी गप्प होती.
दवाखान्याची पायरी चढताच दाढ थांबते, तशी.

मोहरीच्या रंगाची, दोन दारांची, लांब नाकाची,
माझ्या वडिलांहून दोन वर्षांनी मोठी.

"काल येत होता," ते म्हणाले,
"मागून. उजवीकडून. किंवा मधून.
रिव्हर्समधून पहिल्यात टाकली, की."

ओरिएबाईंनी हात पुसले.
"खट् की खट्ट?"

आजोबांनी डोळे मिटले.
चाळीस वर्षं रेशमाच्या गिरणीत
धागा चिमटीतून सोडत गाठ ओळखलेला माणूस.
"खट् नाही. टक्. एकच.
काटकी मोडल्यासारखा नाही,
बोट मोडल्यासारखा."

खड्ड्यात धप्प करतं ते शॉकॉबच्या डोक्यावरचं रबर.
वळणावर कटकट करते ती अँटीरोल बारची लिंक.
क्लच सोडताना आत ढुम्म झालं
तर डिफरन्शिअलने कूस बदलली समजायचं.
आणि जॅक?
जॅक नुसता खोटं बोलतो.

म्हणून आधी डिकी रिकामी केली:
जॅक, छत्री, सफरचंदांची रिकामी जाळी,
एका पायाचा गमबूट.
मग बाई मला म्हणाल्या, "झोप आत."

नुमाताच्या वरचा घाट मी असा पाहिला,
उताणा, मागच्या तिरप्या काचेतून:
विजेच्या तारा, पानं झडलेली पर्सिमनची झाडं,
केशरी फळं उलटी पळत होती.
कान चाकाच्या कमानीला, नाकात पेट्रोल.
गाडी चढत होती लोण्यावरून सुरी फिरावी तशी.
काही नाही.
उतरतानाही काही नाही.
बाईंनी मुद्दाम दोन खड्डे घेतले, माझं डोकं आपटलं,
तो आवाज माझाच होता.

धरणापाशी गाडी वळवायची होती.
रिव्हर्स.
पहिला.

टक्.

बरगडीला आधी कळलं, कानाला मागाहून.
मी छतावर मूठ मारली. "उजवं चाक!"
"खट् नाही ना?"
"नाही, बाई."

लिफ्टवर पहार लावून डिफरन्शिअल हलवलं, हललं नाही.
मिशीसारखा वाकलेला तो पट्टा, त्याची रबरं नवी.
मग बाईंनी उजव्या हबच्या नटावरून
खालच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली,
गाडी खाली घेतली,
एकदा मागे, एकदा पुढे.
रेघ तुटली होती.
केसाएवढी.

नट काढला. आत दांड्याचे दाते कोरडे,
गंज चहापत्तीसारखा.
पुसले, ग्रीस भरलं, पुन्हा आवळलं.
टॉर्क पाना शेवटी म्हणाला: टक्.
तोही टक्च,
पण त्याचा अर्थ पुरे.

ते बेअरिंग आजोबांनी स्वतः बदललं होतं,
वसंतात, घरामागच्या शेडमध्ये.
तरुणपणापासूनची एक लांब दांडी,
अंग "पुरे" म्हणेल तिथवर ओढायची,
पन्नास वर्षं हिशेब कधी चुकला नाही.
पण त्याआधीच्या हिवाळ्यात खांद्याचं ऑपरेशन झालं,
आणि अंग आता लवकर पुरे म्हणतं.

"दाते कोरडे होते," बाई म्हणाल्या. "ग्रीस लावलं."
खोटं नव्हतं.

पण नटावरची रेघ पुसायला मी विसरलो.
आजोबा वाकले, रेघेच्या एका तुकड्यावर नख टेकवलं,
मग दुसऱ्यावर.
मधलं अंतर मापलं, गाठ मापावी तसं.
काही बोलले नाहीत.
किल्ली डाव्या हाताने घेतली.
पैसे दिले, आणि गमबूट विसरून गेले.

रात्री अंथरुणात
मी उजव्या हाताचं मधलं बोट मोडून पाहिलं.
अगदी तोच.